उधन्याला साड्या, कतारगामला हिरे

सर,

अठरा वर्षं चाललेलं भांडण असं मध्येच टाकून जायची ही काय रीत झाली? दवाखान्यात त्या शेवटच्या मंगळवारी तुम्ही नळी लावलेला हात हलवून मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, काहीतरी निरवानिरवीचं सांगणार. तुम्ही विचारलंत, "काय गं, कतारगाम आता साड्या करायला लागलं का?" मी म्हणाले, "सर, आराम करा." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तुम्ही मला विचारलेला तो शेवटचा प्रश्न, आणि मी उत्तर दिलं नाही.

हा मजकूर तुमच्या स्मरणार्थ निघणाऱ्या पुस्तिकेत पहिल्या पानावर जायचा आहे. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल. रागावू नका. एरवी तुम्हीच म्हणायचात की मागच्या बाकावरच्याला कळेल असं बोलावं.

तुम्ही बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवायचात. पुस्तकात दोन देश असायचे, आम्ही न पाहिलेले. तुम्ही ते दोन्ही पुसून टाकलेत आणि फळ्यावर लिहिलंत, उधना आणि कतारगाम, आपल्याच शहरातले दोन भाग. वस्तू दोन, साड्या आणि हिरे. उधन्यात एका दिवसात सहा साड्या होतात, नाहीतर दोन हिरे. कतारगामात एका दिवसात आठ साड्या होतात, नाहीतर आठ हिरे. मग खडू खाली ठेवून विचारलंत, "कतारगाम दोन्हींत पुढे. आता उधन्याने काय करायचं? घरी बसायचं?"

आम्ही उधन्याची पाच-सहा मराठी पोरं होतो वर्गात, आम्हाला राग आला. कतारगामची पोरं हसायला लागली. तुम्ही दोघांनाही गप्प केलंत. उधन्यात एक हिरा करायचा तर तीन साड्या सोडाव्या लागतात, कतारगामात एकच सोडावी लागते. म्हणून हिरे कतारगामने करावेत, साड्या उधन्याने कराव्यात, आणि अदलाबदल करावी. दोघांच्याही पदरात जास्त पडतं. "कशातच पहिला नसलेला माणूससुद्धा जगाला लागतो," तुम्ही म्हणालात, "हे मी म्हणत नाही, गणित म्हणतंय."

मी तिसऱ्या बाकावर होते. मराठी शाळेतून गुजराती कॉलेजात आलेली, वर्षभर 'ळ' आणि 'ण' चुकवून हसं करून घेतलेली, कशातच पहिली नसलेली मुलगी. सर, तुमच्या त्या वाक्यावर मी पुढचे कित्येक महिने काढले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, चल, पुढचा धडा काढ.

पण वाद मात्र त्याच आठवड्यात सुरू केला. माझे वडील साड्यांच्या लूमवर कामाला होते. तुमच्या सिद्धांतात कामगार एका धंद्यातून दुसऱ्यात सहज जातो. मी उभी राहून म्हणाले, "सर, माझ्या बाबांना उद्या हिरे घासायच्या घंटीवर बसवलं तर ते हिराही फोडतील आणि बोटंही." वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, "ते गृहीतक आहे. गृहीतकाशी भांडू नये." मी म्हणाले, "मग कुणाशी भांडू?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "माझ्याशी भांड." झालं, मी ते मनावर घेतलं.

त्याच वर्षी तुम्ही मला तुमच्या नोट्सची स्वच्छ प्रत करायला दिलीत. तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, झेरॉक्सवाल्यानेही हात जोडले होते. तुम्ही सगळ्यांच्या वह्या मागवल्यात, चाळल्यात आणि माझी उचललीत. "हिच्या वहीत एकसुद्धा खाडाखोड नाही," तुम्ही वर्गाला सांगितलंत. खाडाखोडीचा तुम्हाला भयंकर तिटकारा. मी एकोणीस दिवस बसून ती प्रत केली. तिची झेरॉक्स निघाली, झेरॉक्सची झेरॉक्स निघाली, आणि बघता बघता ती शहरातल्या सगळ्या कॉलेजांत गेली. अजूनही रिक्षात शेजारी बसलेल्या एखाद्या मुलीच्या मांडीवर मला माझं अक्षर दिसतं.

एम.ए. झाल्यावर मला पुण्याला जायचं होतं, पुढे शिकायला. फॉर्म भरला होता. तुम्ही घरी बोलावलंत, भेस्तानच्या त्या गॅलरीत खुर्ची टाकलीत, खायला लोचो मागवलात आणि तोच तक्ता माझ्यावर चालवलात. "पुण्यात तुझ्यासारख्या शंभर आहेत. इथे आपल्या पोरांना त्यांच्या भाषेत समजावणारी एक नाही. आता तूच सांग, तू कुठे बसायचं?" गणित बिनचूक होतं. मी राहिले. कॉलेजात लागले, तुमच्या शेजारच्या टेबलावर बसले आणि तुमच्याच नोट्स शिकवू लागले. त्यानंतर त्या खोलीची खिडकीसुद्धा बदलली नाही सर, मी कुठली बदलणार! कधी कधी फळ्यापाशी उभी असताना वाटायचं, आपण गृहीतक मोडायला निघालो होतो आणि त्यातलाच न हलणारा कामगार होऊन बसलो.

आता भांडणाचं मूळ.

शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी तो तक्ता फळ्यावर लिहिताना मी अडखळले. नोट्समध्ये आकडे तेच होते, सहा-दोन, आठ-आठ. पण वर मथळा होता, 'एका नगासाठी लागणारे दिवस'. एका दिवसात सहा साड्या होणं वेगळं आणि एका साडीला सहा दिवस लागणं वेगळं. मथळा असा घेतला तर सगळं उलटं फिरतं. उधना दोन्हींत चपळ ठरतं, कतारगाम मंद ठरतं, आणि हिरे करायचे उधन्याने, साड्या कतारगामने. खाली उत्तर मात्र जुनंच, उधन्याला साड्या. मथळा एक सांगतो, उत्तर दुसरंच.

मी तणतणत स्टाफरूममध्ये आले. "सर, मथळा चुकलाय."

तुम्ही कागद हातात न घेता म्हणालात, "हो, चुकलाय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तुम्ही तसाच ठेवलात?"

"आकडे बरोबर आहेत ना? विचार बरोबर आहे ना? मी वर्गात तोंडाने बरोबर सांगतो."

"तोंडाकडे कोण बघतं सर? पोरं कागदाकडे बघतात!"

तुम्ही चहाचा कप उचललात आणि खिडकीबाहेर पाहत बसलात. मला तो तुमचा हट्ट वाटला. मोठ्या माणसाला स्वतःची चूक कबूल करता येत नाही, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं आणि पुढे कधी फेरविचार केला नाही.

दरवर्षी भांडले. तोवर तुमचे विद्यार्थी प्राध्यापक झाले होते, पेपर काढायला लागले होते, तपासायला लागले होते. परीक्षेत तोच तक्ता यायचा, त्याच चुकीच्या मथळ्यासकट, आणि तपासणाऱ्यांना उत्तर हवं असायचं नोट्समधलंच. मी वर्गात बरोबर काय ते समजावून सांगितलं की मागून आवाज यायचा, "मॅडम, पण परीक्षामां शुं लखवानुं?" परीक्षेत काय लिहायचं? आणि मी, गृहीतकाशी भांडणारी मी, खाली मान घालून सांगायचे, "नोट्समधलं लिहा." अर्धा तास खरं शिकवायचं आणि शेवटच्या मिनिटाला खोटं लिहायला सांगायचं. अठरा वर्षं मी त्या मिनिटात अडकलेली आहे, आणि प्रत्येक वेळी त्याबद्दल तुम्हाला मनातल्या मनात बोल लावले आहेत.

तुमच्या निरोप समारंभात तर मी माइकवरूनच बोलले. "सरांनी आम्हाला सगळं दिलं, एक दुरुस्ती सोडून." सगळे हसले. तुम्हीही हसलात, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. तुमच्या शेजारी बसलेल्या काकू हसल्या नव्हत्या. तेव्हा मला वाटलं, त्यांना विनोद कळला नाही.

मग गेल्या वर्षी मनीषा आली. उधन्याचीच, बाप लूमवर, घरी अहिराणी, मैत्रिणींशी गुजराती, माझ्याशी दोन्हींची खिचडी. ती कागद डोळ्यांजवळ धरून वाचते. तिने परीक्षेत मथळा वाचला, मथळ्याप्रमाणे गणित केलं आणि लिहिलं, उधन्याने हिरे करावेत. अगदी बरोबर, एकेक पायरी सुंदर. तिला त्या प्रश्नात शून्य मिळालं. तेवढ्याने निकालात तिचा वर्ग हुकला. ती माझ्यासमोर उभी राहिली, रडली नाही, एवढंच म्हणाली, "मॅडम, मी काय वाचलं नाही ते सांगा ना." या वर्षी ती तोच पेपर पुन्हा देते आहे. हा वर्ग मिळाला तर पुढे एम.ए.ला जाईल, नाहीतर घरचे तिला साड्यांच्या दुकानात बिलं करायला बसवणार आहेत. तसं ठरलंच आहे.

मी तणतणत तुमच्याकडे आले होते त्या दिवशी, आठवतंय? तुम्ही तेव्हाच आजारी होतात, मला ते दिसलं नाही, रागात मला काही दिसत नाही. मी म्हणाले, "तुमच्या एका हट्टापायी त्या पोरीचं वर्ष गेलं." मग म्हणालात, "मी बघतो काय करता येतं." दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला दवाखान्यात हलवलं.

तेराव्याला पंगत उठल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं. कपाटातून एक पिवळी फाईल काढून माझ्या हातात दिली. त्यात तुमच्या हातच्या मूळ नोट्स होत्या, मी ज्यांवरून प्रत केली त्या. मुंग्यांची रांग. मी तक्ता शोधला. मथळा होता, 'एका दिवसात होणारे नग'.

बरोबर होता, सर. तुमचा मथळा पहिल्यापासून बरोबर होता.

खाली माझी प्रत होती, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली. आणि तिच्यात, 'लागणारे दिवस'. काकूंनी बोट ठेवून अहिराणीत विचारलं, "हाई तुनंच अक्षर शे ना?" माझंच होतं. काकू म्हणाल्या, "त्यास्ले तवयच समजनं. पन तवय तुनी नोकरी कच्ची व्हती." म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. नोट्स कुणाच्या हातच्या आहेत हे सगळ्या शहराला ठाऊक होतं, आणि माझी नेमणूक कायम व्हायची होती. मथळा दुरुस्त केला असता तर पहिला प्रश्न आला असता, चूक कुणाची? म्हणून तुम्ही गप्प बसलात. पुढे मी कायम झाले, पण तोवर उशीर झाला होता. एकदा गप्प बसलं की नंतर बोलायला आधीच्या गप्प बसण्याचाही हिशोब द्यावा लागतो. आणि मग मीच येऊन तुम्हाला विचारलं, कधीपासून? तुम्ही म्हणालात, पहिल्यापासून.

फाईल मांडीवर घेऊन बसले असताना आणखी एक गोष्ट आठवली. माझी नेमणूक झाली त्या महिन्यात तुम्ही आमच्या घरी आला होतात. आई जमिनीवर साडी पसरून तिच्यावर खडे चिकटवत बसली होती, तेच तिचं काम. तुम्ही विचारलंत, "दिवसाला किती होतात?" आई म्हणाली, "असं नाही मोजत सर. या साडीला दोन दिवस, त्या जांभळीला पाच दिवस लागतात." आमच्या घरात काम असंच मोजायचे. एका दिवसात किती, हे दुकानदार विचारायचा. आम्ही म्हणायचो, हिला किती दिवस. तुम्ही चहाचा घोट घेता घेता थांबलात, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "असं होय!" मला वाटलं, चहा आवडला.

तुम्हाला त्या क्षणी कळलं होतं. प्रत करताना माझ्या हाताने तुमचा मथळा बदलून आमच्या घरचा लिहिला होता, आणि मला पत्ताही नव्हता. सर, तुम्ही तेव्हाच का नाही हसलात माझ्यावर? 'अगं, तुझ्या आईची साडी माझ्या तक्त्यात शिरली की' एवढं म्हणाला असतात तर आपण तिघं हसलो असतो आणि विषय तिथेच संपला असता.

मी तुमच्यावर चिडलेली आहे, हे या पानावर लिहिते. तुमची माया मला माहीत आहे, पण ही माया मला नको होती. तुम्ही मला वाचवलंत आणि त्याची झळ मनीषाला लागली. तिच्याआधी किती जणींना लागली असेल, ज्यांनी नीट वाचलं आणि ज्यांना कुणी सांगितलं नाही की वाचलं ते बरोबर होतं. तुम्हीही त्यात अडकलात, मला कळतंय. दर वर्षी माझी बोलणी खाल्लीत, हसलात, भर समारंभात हसलात. मी माइकवरून जे बोलले ते मला आता परत घेता येत नाही. माफी मागायला मी कुठे येऊ ते सांगा.

पुस्तिकेत तुमच्या नोट्स छापायच्या ठरल्या आहेत. मेहुलभाई, माझ्याच वर्गातले, आता पेपर काढणाऱ्या मंडळावर आहेत. ते म्हणाले, तुमच्याच हाताने नवी प्रत करा बेन, लोकांना तेच अक्षर ओळखीचं. मी त्यांना पिवळी फाईल दाखवली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. त्यांनीही अठरा वर्षं चुकीचं तपासलंय. मग म्हणाले, "बेन, चाले छे ने, चालवा दो." आणि उठताना हळूच, "सरनुं नाम खराब थशे." चाललंय तर चालू द्या, नाहीतर सरांचं नाव खराब होईल. इथेच मला कोंडल्यासारखं झालं. मथळा तसाच ठेवला तर मनीषा जाते. बदलला तर लोक म्हणणार, सरांना माहीत होतं आणि सर गप्प बसले. माझं नाव सांगितलं तरी तेच म्हणणार. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते उघड केल्याशिवाय मला माझी चूक कबूलच करता येत नाही, अशी तुम्ही व्यवस्था करून ठेवलीत.

आठवडाभर कागद समोर ठेवून मी नुसती बसले. कॉलेजात गेले की वर्गात कतारगामची पोरं गप्प असतात हल्ली. तिकडे परदेशात मालावर कर वाढला आणि इकडे त्यांच्या बापांच्या घंट्या थांबल्या. एकाने विचारलं, "मॅडम, दोघांचं भलं होतं म्हणता, मग पप्पा घरी का?" तेव्हा तुमचा दवाखान्यातला प्रश्न माझ्या डोक्यात लख्ख झाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. नाही सर. कतारगाम साड्या करायला लागलं नाही. पंचवीस वर्षं एकच पैलू पाडलेला हात दुसरीकडे वळत नाही. तो माणूस बाकड्यावर बसून आहे. तुमचं गृहीतक चुकलं आणि तुम्हाला ते शेवटी पटलं होतं, म्हणूनच विचारलंत ना? जिंकल्याचा आनंद मात्र मला झाला नाही, तो घ्यायला समोर तुम्ही हवे होतात.

आज सकाळी मी नवी प्रत करायला घेतली. ठरवून, डोकं शांत ठेवून, तुमच्या मूळ नोट्स उशाला घेतल्यासारख्या शेजारी ठेवून. तक्ता आखला. मथळा लिहिला आणि पाहिलं तर हाताने पुन्हा लिहिलं होतं, 'एका नगासाठी लागणारे दिवस'.

हसले मी सर, एकटीच, मोठ्याने. हा हात आईच्या साडीपासून हलायला तयार नाही.

नवं पान घेणार होते. नाही घेतलं. त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि वर तुमचा मथळा लिहिला. बाजूला सही केली, म्हणजे चूक कुणाची ते विचारावं लागू नये. मेहुलभाईंना कळवलंय की पुस्तिका छापायची तर हे पान असंच छापायचं, नाहीतर माझं अक्षर वापरायचं नाही. ते अजून काही बोललेले नाहीत. पेपर पुढच्या महिन्यात आहे. मंडळ ऐकेल की नाही, मला माहीत नाही. दुपारी मनीषाने विचारलं, "मॅडम, या वेळी काय लिहू?" पहिल्यांदाच मी मान खाली घातली नाही. म्हणाले, "जे छापलंय ते वाच आणि ते जे सांगतं ते लिही. मागे मी उभी आहे."

तुमच्या नोट्सच्या चौदाव्या पानावर आता एक खाडाखोड आहे, सर. एवढी एक खपवून घ्या.